मृदुता : गुण की आवरण?

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात ‘सौम्य’ हा शब्द फार मानाचा होता. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलगा सौम्य प्रकृतीचा आहे असे कुणी सांगितले, की अर्धे काम झाल्यासारखे होई. मोठ्याने बोलणे, तोंडावर नाही म्हणणे, चारचौघांत कुणाचे उणे काढणे या गोष्टी आमच्या घरात बसत नसत. होळकरांच्या चाकरीनिमित्त माळव्यात आलेल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती रीत होती. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील अनेक घरांतही ती थोड्याफार फरकाने अशीच असणार. या रीतीने आम्हांला पुष्कळ दिले. तिने आमच्याकडून काय घेतले, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पडला, आणि तोही स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या एका भट्टीत उभा असताना. काही वाचकांना ही जागा अनुचित वाटेल. मी स्वतः मद्य घेत नाही. तरीही विचार जिथे सुचला ती जागा झाकून ठेवली, तर या लेखात जे म्हणायचे आहे त्यालाच मी बाध आणीन.

माझा धाकटा चुलतभाऊ गेली अनेक वर्षे ग्लासगोला असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने मला मोटारीने चार तासांच्या प्रवासावर असलेल्या कॅम्पबेलटाउन या लहानशा बंदराच्या गावी नेले. किंटायर नावाचा जमिनीचा एक लांब, चिंचोळा पट्टा समुद्रात शिरला आहे; त्याच्या टोकाकडे हे गाव. १८८७ च्या सुमारास या एवढ्याशा गावात व्हिस्कीच्या एकवीस भट्ट्या चालू होत्या. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी आली, जवळची कोळशाची खाण बंद पडली, आणि मधल्या काळात घाईने व स्वस्तात माल काढल्यामुळे गावाचे नावही खराब झाले. १९३० नंतरच्या काही वर्षांतच एकविसांपैकी दोन भट्ट्या उरल्या. त्यांतली एक स्प्रिंगबँक, १८२८ साली स्थापन झालेली आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाने चालवलेली. आम्ही ती पाहायला गेलो होतो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. पाणी, जव आणि यीस्ट यांपलीकडे तिच्यात काही घालायचे नसते; रंग सारखा दिसावा म्हणून साधे कॅरॅमल तेवढे घालण्याची मुभा कायद्यात आहे, आणि स्प्रिंगबँक तीही घेत नाही. जाणकार जिला ‘स्मूद’ म्हणतात, म्हणजे जी घशाखाली उतरताना खरवडत नाही, तिची ती मृदुता मग येते कुठून? बाहेरून काही मिसळून ती येत असावी, अशी माझी समजूत होती. ती तिथे खोटी ठरली.

जव दोनतीन दिवस पाण्यात भिजवतात आणि मग फरशीवर पसरून आठवडाभर त्याला मोड येऊ देतात. मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. फरक एवढाच, की तिथे टनांनी धान्य असते; मोडांची मुळे एकमेकांत गुंतू नयेत आणि ढिगात ऊब कोंडू नये म्हणून माणसे लाकडी फावड्यांनी ते दिवसरात्र उलथत राहतात. बहुतेक भट्ट्यांनी हे काम आता यंत्रांच्या कारखान्यांकडे सोपवले आहे. स्प्रिंगबँकमध्ये वापरला जाणारा सगळा जव मात्र अजून तिथल्याच फरशीवर, हातांनी उलथला जातो. मग पीट नावाच्या दलदलीतल्या मातीचा धूर थोडे तास देऊन, नंतर गरम हवेने तो वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात कालवून त्यातली साखर उतरवून घेतात. ते गोड पाणी लाकडी पिंपांत यीस्ट घालून आंबवतात. इथपर्यंत जे तयार होते ते बिअरसारखेच असते.

यानंतर तांबे कामाला येते. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत ऊर्ध्वपातन होताना वाफ तांब्याला घासत वर चढते, आणि उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्ये तांबे स्वतःकडे ओढून घेते. त्या झिजेने हंडे कालांतराने पातळ होतात आणि बदलावे लागतात. सामान्यतः हे ऊर्ध्वपातन दोनदा करतात. स्प्रिंगबँकच्या मुख्य व्हिस्कीचे मात्र अडीचदा होते. बुद्धिबळातल्या घोड्याखेरीज अडीचची चाल मी कुठे पाहिली नव्हती. पहिल्या वेळी निघालेल्या द्रवाचा एक भाग पुन्हा एकदा ऊर्ध्वपातित करायचा, दुसरा तसाच ठेवायचा, आणि दोन्ही एकत्र करून शेवटचे ऊर्ध्वपातन करायचे. काही अंश तीनदा जातो, काही दोनदा, म्हणून अडीच.

शेवटच्या वेळी खरी परीक्षा असते. आधी जे बाहेर येते ते तिखट, नाकात जाणारे. शेवटी येते ते जड, तेलकट. दोहोंच्या मधला भाग तेवढा पिंपात जातो. कुठे सुरू करायचे आणि कुठे तोडायचे हे ठरवणाऱ्या माणसाला तो द्रव चाखता येत नाही. पितळ आणि काच यांच्या कुलूपबंद पेटीतून धार वाहत असते. ही पेटी १८२० नंतरच्या दशकात सरकारी कर चुकवला जाऊ नये म्हणून आली आणि राहिली. काचेतून दिसणारे मापक, तापमान, घड्याळ आणि पाणी मिसळल्यावर द्रव गढुळतो की नाही, एवढ्यावर त्याने निर्णय करायचा. आरंभीचा आणि शेवटचा भाग फेकून देत नाहीत. पुढच्या खेपेच्या हंड्यात तो परत घालतात. सदोष म्हणून बाजूला काढलेल्यालाही पुन्हा एकदा अग्नीतून जाण्याची संधी मिळते, हे मला फार आवडले.

आणि मग मुरणे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, गवयाचा आवाज मुरतो. या शब्दाची व्याप्ती मराठी माणसाला सांगायला नको. सत्तर टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेला तो पाण्यासारखा स्वच्छ द्रव थोडे पाणी घालून ओकच्या पिंपांत भरतात. कायद्याने किमान तीन वर्षे. चांगली व्हिस्की दहा, पंधरा, कधी त्याहून अधिक वर्षे. दगडी भिंतींच्या, मातीच्या जमिनीच्या थंड कोठारात पिंपे एकावर एक निजलेली असतात. लाकडाची आतली जळकी बाजू उरलेली उग्र द्रव्ये शोषून घेते, लाकूड आपला रंग आणि गंध देते, आणि फटींतून हवा सावकाश आत-बाहेर करते. दरवर्षी सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. दहा वर्षांत पिपाचा जवळजवळ अठरा टक्के भाग असा हवेत जातो आणि कुणी त्याबद्दल तक्रार करीत नाही. पिंप भरणाराच ते उघडायला असेल याचा भरवसा नसतो.

मृदुता बाहेरून कुणी घालत नाही, हे मला तिथे कळले. तांब्याने झिजायचे, पहिला आणि शेवटचा भाग सोडायचा, न चाखता ठरवायचे, दरवर्षीची घट सोसायची आणि थांबायचे, या सगळ्यांच्या शेवटी ती उरते. मी मनातून नमस्कार केला. इतका संयम एखाद्या मठात असता, तर आपण त्याला तप म्हटले असते.

बाहेर पडताना दुकानात चुलतभावाने एक बाटली हातात घेऊन मला दाखवली. तिच्यावर ठळक अक्षरांत ४६ टक्के असा आकडा होता. तो आकडा पाहिला आणि माझा नमस्कार अर्धवट राहिला. मृदुतेसाठी जे जे काढले जाते त्यात ही वस्तू नसते. गंधक जातो, तिखटपणा जातो, तेलकटपणा जातो. ज्याने यकृत जाते तो मद्यार्क तसाच राहतो. सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, आणि त्यात खरखरीत मद्य व मृदू मद्य असा भेद नाही. घशाची जळजळ हा शरीराचा निषेध असतो. उत्तम कारागिरी तो निषेध शांत करते. ज्यासाठी तो होता, ते कारण मात्र जागेवरच राहते.

इथे मला भाऊकाकांविषयी लिहिले पाहिजे.

भाऊकाका म्हणजे या चुलतभावाचे वडील. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. अत्यंत सौम्य माणूस. त्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात त्यांच्या परदेशी बाटल्या असत. रोज रात्री जेवणापूर्वी ते एकटे बसत, रेडिओवर गाणे ऐकत, आणि दोन, पुढे तीन, पुढे किती ते कुणी मोजले नाही, पेले घेत. तोल गेला नाही, शब्द वाकडा गेला नाही. १९८८ साली, साठाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने ते गेले. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना जे भोगावे लागले ते सौम्य नव्हते.

त्याच वाड्यात एक माळी होता. तो हातभट्टीची पिऊन येई. फाटक उघडताच वास यायचा, आणि आजी त्याला अंगणात उभे करून सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. दोनदा त्याची नोकरी गेली, त्याची बायको आजीपाशी रडली, त्याने देवाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. अनेकदा त्याची सुटली, अनेकदा लागली; शेवटी सुटली, आणि सत्तरी ओलांडून तो गेला. माळ्याशी आम्ही कठोर होतो आणि काकांशी सभ्य. त्या वेळी हा फरक माणसामाणसांतला आहे असे वाटे. आज वाटते, तो बऱ्याच अंशी वासाचा फरक होता. गोव्याच्या वाचकांना हे लवकर पटेल. भाटीवरची काजूफेणी पिऊन कुणालाही न कळता घरात शिरता येत नाही. तिचा दर्प माणसाच्या आधी उंबरठा ओलांडतो. उग्र वस्तू आपली चहाडी आपणच करते. मृदू वस्तूला कपाट मिळते.

आमच्या घरी ‘एकच प्याला’चे प्रयोग भक्तिभावाने पाहिले जात. गडकऱ्यांचे हे नाटक प्रथम बडोद्याला रंगभूमीवर आले, याचा तिकडच्या नातलगांना अभिमान असे. सुधाकराच्या अधःपाताने आमच्या बायका रडत, पुरुष गंभीर होत. पण व्यसनी माणूस म्हणजे सुधाकर, ही खूणगाठ त्यामुळे मनात इतकी पक्की बसली, की भाऊकाका त्या चित्रात बसतच नव्हते. ते कुणावर हात उगारत नव्हते, त्यांची नोकरी गेली नव्हती, घरात भांडे वाजत नव्हते. दुःखाला आवाज नसेल तर ते आम्हांला ओळखू येत नव्हते.

आणि त्या कपाटातली एक बाटली मी आणलेली होती. १९८१ साली कामानिमित्त परदेशी गेलो असताना परतीच्या विमानतळावर ती घेतली. काकांनी तिचे कौतुक केले. ‘तुला कळते’, म्हणाले. पुढे चारेक वर्षांनी काकूने मला एकदा स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, “तू त्यांच्याशी एकदा बोल. तुझे ऐकतील.” मी म्हणालो, “काकू, काका समजूतदार आहेत, ते स्वतःच कमी करतील.” किती मऊ वाक्य होते ते! काकूला दुखावले नाही, काकांना दुखावले नाही, स्वतःलाही दुखावले नाही. ज्याला त्याने वाचवायचे होते, त्याला तेवढे वाचवले नाही.

परतीच्या वाटेवर मी हे चुलतभावाला सांगितले. तो गाडी चालवीत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, तू व्हिस्कीला आणि आपल्या घराला एकाच तराजूत घालतो आहेस. बाबा गेले ते मृदू व्हिस्कीमुळे नव्हे. खरखरीत असती तर त्यांनी दुसरे काही शोधले असते. आणि त्या भट्टीवाल्यांनी काय करावे? मुद्दाम वाईट करावी?”

त्याचे म्हणणे बिनतोड होते. मृदुतेवर आरोप ठेवून मोकळे होणे म्हणजे बाटलीवर आरोप ठेवून मोकळे होणे. उग्रपणात सत्य असते आणि सौम्यपणात कपट, असा सिद्धान्त काढणेही चूकच ठरेल. आरडाओरडा करून खोटे बोलणारी माणसे आपण पाहिली आहेत, आणि माळ्याला अंगणात उभे करण्यात आजीच्या कळकळीबरोबर आमचा उद्दामपणाही होता. मग माझे दुखणे नेमके कुठे होते? त्या बाटलीवरच्या आकड्यापाशी मी पुन्हा आलो.

मला वाटते, मृदुता दोन प्रकारची असते. एकीत दोष झिजवून काढलेला असतो, दुसरीत तो झाकलेला असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच लागतात. जिभेला फरक कळत नाही. तो ओळखण्याची एकच खूण मला सापडली आहे. जी मृदुता आपले बळ किती, आपल्यात धोका किती, हे विचारण्याआधी सांगते ती खरी. त्या भट्टीतल्या लोकांनी आपल्या मालाला सुखद केले, पण त्यावरचा आकडा पुसला नाही, रंग चढवला नाही. त्यांचे काम तिथे प्रामाणिकपणे संपते. तो आकडा वाचायचा की नाही, घरात कुणी वाचत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचा की नाही, हे काम पुढच्यांचे. आमच्या घरात ते कुणी केले नाही. आमची सौम्यता ही आकडा पुसलेली बाटली होती.

तुकोबांनी विष्णुदासांविषयी बोलताना मेणाची आणि वज्राची उपमा एकाच ठिकाणी वापरली, याचा अर्थ मी अनेक वर्षे ‘प्रसंगी मऊ, प्रसंगी कठीण’ असा लावीत असे. आता वाटते, दोन्ही एकाच प्रसंगी असावे लागते. काकांच्या शेजारी बसून, आवाज न चढवता, “काका, रोज इतके पेले होतात, मी मोजले आहेत, मला भीती वाटते,” असे म्हणता आले असते. त्यात उद्धटपणा नव्हता. ते ऐकले गेले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. बहुधा पहिल्यांदा नसते. परंतु पहिला कडू अंश आणि शेवटचा जड अंश पुन्हा हंड्यात घालून परत परत अग्नीवर ठेवणाऱ्यांचा धीर मी पाहून आलो आहे. आमच्याकडे वेळ होता. आम्ही तो नुसता जाऊ दिला, आणि त्याला सभ्यपणा म्हटले.

जुन्या वसाहतीतल्या आपल्या घरांना हा प्रश्न विशेष लागू आहे असे मी मानतो. परमुलखात राहायचे म्हणून आपल्या पूर्वजांनी गोडीने बोलण्याची, वाद टाळण्याची सवय लावून घेतली. ती त्यांनी झिजून मिळवलेली मृदुता होती. आपल्यापर्यंत येताना तिची गोडी तेवढी आली; झीज आली नाही. वाटणीच्या कागदांवर, मुलीच्या सासरच्या छळावर, म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर, कुणाच्या व्यसनावर आपण अजून तसेच मऊ बोलतो, आणि पुष्कळदा काहीच बोलत नाही.

इंदूरला परतल्यावर मी काकूकडे गेलो. ती तेव्हा पंचाऐंशीची होती, कान चांगले होते. मी म्हणालो, “काकू, तुम्ही मला बोलायला सांगितले होते. मी तेव्हा बोलायला हवे होते.”

“हो,” ती म्हणाली, “बोलायला हवे होतेस.”

तिच्या स्वरात राग नव्हता, आणि माझ्यासाठी तिने ते वाक्य सौम्यही केले नाही. जाताना तिने नेहमीप्रमाणे पाठीवरून हात फिरवला. त्या घरात इतकी मृदू गोष्ट मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.